झुंबरच्या हाडातला मगज

मोतीराम नामपूरहून आला तेव्हा झुंबर मेथीच्या मोठ्या जुड्या सोडून लहान बांधत बसली होती. उन्हाळ्याचे दिवस होते आणि पंचवटीचा सकाळचा बाजार उतरणीला लागला होता. थोरला भाऊ वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायचा, आला की आधी लांबूनच हाक मारायचा आणि मग तिच्या टोपलीतला एखादा मुळा पुसून खायचा. आज तो मुकाट्यानं समोर येऊन उभा राहिला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कोनी गेलं नही," मोतीराम आपल्या अहिराणीत म्हणाला. "रंगनाथ आजारी शे. रगतना कॅन्सर शे."

झुंबरच्या हातातली जुडी तशीच राहिली. रंगनाथ तिचा धाकटा भाऊ. आई शेतावर जायची तेव्हा याला कडेवर घेऊनच ती लहानाची मोठी झाली होती. तो आता देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या पलटणीत सिव्हिलियन शिंपी होता. पंचवटीपासून देवळाली बसनं तासाभराच्या आत. पण बारा-तेरा वर्षांत बहीण-भावाचं बोलणं नव्हतं.

मोतीरामनं जे सांगितलं ते असं. रंगनाथला वर्षभर थकवा होता. डाव्या बरगडीखाली पोट दगडासारखं लागायचं. मिलिटरीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि मुंबईला पाठवलं. गोळ्यांनी आजार दबून राहिला होता, पण असा आजार एक ना एक दिवस उसळी घेतोच, असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले. उपाय एकच, आणि तो आपल्या देशात नुकताच सुरू झालेला. सख्ख्या भावाबहिणीच्या हाडातला मगज काढून रोग्याला द्यायचा. त्यासाठी दोघांचं रक्त जुळावं लागतं.

"मनं रगत नही जुळनं," मोतीराम म्हणाला, आणि जणू त्यानंच काही गुन्हा केला असावा तशी मान खाली घातली. "आते तूच."

"त्यानं धाडलं तुला?"

"नही. त्यानी बी नही आन् त्यानी बायको कुसानी बी नही. मीच उनू."

झुंबर उठली. लुगड्याला लागलेली माती झटकली आणि शेजारी कोथिंबीर विकणाऱ्या लंकाबाईला म्हणाली, "माझी टोपली तुझ्यात घाल. विकली तर विक, नाय तर गायीला टाक. मी मुंबईला चालले."

* * *

बोलणं का तुटलं होतं, ते सांगायला हवं. झुंबरचं आणि रंगनाथचं लग्न साट्यालोट्याचं होतं. निफाडकडच्या एका घरात पगाऱ्यांची झुंबर दिली आणि त्याच घरातली कुसाबाई रंगनाथसाठी केली. झुंबरचा नवरा काळू म्हणजे कुसाबाईचा सख्खा भाऊ. अशा लग्नात एक दोर ओढला की दुसऱ्या टोकाला गळफास बसतो. झुंबर लग्नानंतर चौथ्या वर्षी नवऱ्याचं घर सोडून निघून आली. का आली, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. झालं, आठ दिवसांत कुसाबाईच्या बापानं देवळालीला येऊन आपली लेक परत नेली. "तुमची पोर नांदत नाय, तर आमची तरी का नांदावी?" असं म्हणत कडेवरच्या तान्ह्या मुलीसकट नेली.

रंगनाथ तेव्हा पंचवटीत येऊन बहिणीच्या पाया पडला होता. "अक्का, माझा संसार उघड्यावर पडला. तू परत जा." झुंबर नाही म्हणाली. तो रडला, चिडला, नको ते बोलला. झुंबर नाहीच म्हणाली. दीड-दोन वर्षांनी कुसाबाईच बापाशी भांडून पोरीला घेऊन परत आली. त्यानंतर तिनं नणंदेचं नाव तोंडातून काढलं नाही आणि रंगनाथनंही काढलं नाही.

आता मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात लांबलचक बाकाच्या एका टोकाला कुसाबाई बसली होती आणि दुसऱ्या टोकाला झुंबर. मधे मोतीराम. झुंबरच्या रक्ताचा निकाल लागला होता. जुळलं होतं, अगदी आरशातल्यासारखं.

डॉक्टर मिस्त्री नावाच्या पारशी बाई होत्या. पन्नाशीच्या, केस पिकलेले, चष्म्यावरून बघायची सवय. त्यांनी तिघांना आत बोलावलं. रंगनाथ आधीच खुर्चीवर बसला होता. झुंबर दारातून आली आणि त्यानं मान वर केली. सुकून गेला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि रंगनाथनंच आधी नजर वळवली.

"मी गोड बोलणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कारण पुढं जे होणार आहे ते तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं. पहिले काही दिवस यांना फार जहाल औषधं देणार. त्यानं यांचा स्वतःचा मगज सगळा मरून जाईल. रोगी आणि निरोगी, दोन्ही."

"म्हंजे राब भाजायचा," झुंबर म्हणाली. "पेरणीच्या आधी जमीन भाजून घेत्यात तसं."

"तसंच. मग बहिणीचा मगज पेरायचा. पण तो रुजून वर येईपर्यंत यांच्या अंगात काहीच नसेल. जुनं मेलेलं, नवं आलेलं नाही. तेव्हा साधी सर्दी झाली तरी माणूस जाऊ शकतो. म्हणून वेगळ्या खोलीत ठेवू. केस जातील. तोंड इतकं सोलून निघेल की थुंकी गिळता येणार नाही. जुलाब होतील, ताप येईल. यांना वाटेल, मेलो असतो तर बरं झालं असतं. तसं वाटलं तर घाबरायचं नाही, सगळ्यांनाच वाटतं."

"आन् रुजला की बरा?" कुसाबाईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "रुजला की अर्धी लढाई झाली. पुढं कधीकधी नव्या मगजाचं आणि जुन्या शरीराचं पटत नाही. पटलं तर बरा. काही न करता बसलो तर दोन-चार वर्षं. हे केलं तर कदाचित पूर्ण आयुष्य, कदाचित चार महिनेही नाही. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला विचारू नका."

रंगनाथ आपल्या हाताच्या पंजाकडे बघत होता. मग त्यानं मान न उचलताच विचारलं, "तिला काय त्रास होईल?"

"कुणाला?"

"अक्काला."

बारा-तेरा वर्षांनी झुंबरनं ती हाक ऐकली. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "मला काय धाड भरलीय? घ्या म्हणावं काय घ्यायचं ते."

* * *

राहायला हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत एक खोली मिळाली. मोतीराम नामपूरला परत गेला. खोलीत उरल्या दोघी, एकीच्या भावाची मोडलेली बायको आणि दुसरीच्या भावाची नांदणारी बायको. कुसाबाई स्टोव्हवर कुकर लावायची, कारण रंगनाथला प्रेशर कुकरमध्ये शिजवलेलंच चालत होतं. कच्चं काही नाही, फळ नाही, चटणी नाही, कोथिंबिरीचं पानसुद्धा नाही. झुंबर धुणंभांडी करायची. बोलणं कामापुरतं. कुसाबाई तिला काहीच म्हणून हाक मारायची नाही. पूर्वी ती तिला "वहिनी" म्हणायची, आपल्या भावाची बायको म्हणून. ते नातं मोडलं आणि दुसरं कुसाबाईनं उचललं नाही. "डबा झालाय," असं ती भिंतीला सांगायची.

मगज काढायचा तो दिवस उजाडला. झुंबरला गुंगी दिली. जागी झाली तेव्हा कमरेला घट्ट पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि बैलानं मागून लाथ घातल्यासारखं कंबरडं ठणकत होतं. कमरेच्या मागच्या हाडात दोन्ही बाजूंनी कितीतरी वेळा सुया घालून तिच्या हाडातला मगज ओढून घेतला होता. तिला वाटत होतं, मटणाच्या नळीत असतो तसा काहीतरी पांढरट गोळा निघाला असेल. नर्स हसली. "नाही मावशी, रक्तासारखाच दिसतो. लालभडक. वर जरासे चरबीचे थेंब."

त्याच दुपारी ती पिशवी रंगनाथच्या खाटेशी टांगली आणि छातीतल्या नळीतून थेंबथेंब त्याच्या अंगात सोडली. रंगनाथनं नंतर सांगितलं, "मला वाटलेलं, लय मोठं काहीतरी होईल. ऑपरेशन, दहा डॉक्टर. कसलं काय! रक्ताची बाटली लावतात तशी लावली. मी निम्म्यातच झोपलो."

खरं ते त्याच्यानंतर सुरू झालं. उशीवर केसांचा सडा पडायला लागला, तेव्हा न्हाव्यानं सगळंच काढून टाकलं. मग तोंड आलं. जीभ सुजून बाहेर येऊ बघायची, ओठांवर खपल्या धरायच्या. गिळणं नाही, बोलणं नाही. सलाईन, ताप, थंडी, पुन्हा ताप. रोज रक्त काढायचं आणि रोज उत्तर एकच, अजून काही नाही. खोलीत एका वेळी एकालाच सोडत, तेही हात कोपरापर्यंत धुऊन, झगा, टोपी, तोंडाला फडकं बांधून. आत कुसाबाई जायची. झुंबर बाहेर काचेशी उभी राहायची. कंबर दुखायची, तरी बसायची नाही.

एकदा रंगनाथनं आतून खूण केली. बोलता येत नव्हतं म्हणून त्याला पाटी दिली होती. त्यानं बोटांत पेन्सिल धरून बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि पाटी काचेकडे फिरवली. झुंबरला वाचता येत नव्हतं. तिनं शेजारच्या नर्सला विचारलं.

"लिहिलंय, कुसाच्या झग्याचा खांदा उसवलाय, शिलाई चुकलीय," नर्सनं वाचून दाखवलं.

झुंबर हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिला ते आवरेना. आत कुसाबाई झग्याचा खांदा चाचपत होती. काचेच्या दोन्ही बाजूंना दोघी रडत होत्या आणि मधे तो, हाडांचा सापळा, भादरलेल्या डोक्याचा, कुणाचं काय चुकलं ते दाखवत बसला होता.

पावसाळा सरत आला तेव्हा डॉक्टर मिस्त्री हातात कागद घेऊन आल्या. पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या होत्या. थोड्या, पण होत्या. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. "रुजला," त्या म्हणाल्या. "हे आता तुमच्या बहिणीचं रक्त आहे. यांचा रक्तगट बी होता ना? काही महिन्यांनी तपासाल तर ओ निघेल. तिचा आहे तोच."

तोंड बरं झाल्यावर रंगनाथचा पहिला विनोद हाच होता. "कुसे, आता जपून बोल. मला बोललीस तर ते तुझ्या नणंदेला लागंल."

कुसाबाई तोंडावरच्या फडक्याआड हसली. त्या संध्याकाळी खोलीवर तिनं ताट वाढलं आणि म्हणाली, "अक्का, जेवून घ्या."

* * *

दिवाळीच्या आधी रंगनाथ देवळालीला आला. घरात काही नियम पाळायचे होते. गर्दी नको, माती नको, झाडाच्या कुंड्या नकोत, सडका पालापाचोळा तर मुळीच नको, कारण त्यातली बुरशी फुप्फुसात गेली तर संपलंच. हे ऐकलं त्या दिवशी झुंबरनं पालेभाजीचा धंदा बंद केला. एका घरी पापड लाटायला जायला लागली. रोज दुपारी अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून देवळालीच्या बसमध्ये बसायची.

रंगनाथ दारातल्या खाटेवर बसलेला असायचा. औषधांनी चेहरा चंद्रासारखा गोल झाला होता, गालांवर लव उगवली होती. दुधात तेलकट औषध घालून प्यायचं, त्याचा वास त्याला सहन होत नसे. पण सगळ्यांत जास्त त्याला हातांचं वाईट वाटायचं. त्या औषधानं बोटं थरथरायची. एकदा त्यानं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला आणि कितीतरी वेळ तसाच बसला. शेवटी सुई उशीत खोचून ठेवली.

"ते जाईल," झुंबर म्हणाली. "डॉक्टरनी सांगितलंय, औषध कमी केलं की जाईल."

"हं." मग तो म्हणाला, "अक्का, एक विचारू? तू तिकडून निघून आलीस तेव्हा मी तुला परत जा म्हणालो. का आलीस, ते विचारलंच नाय."

झुंबर पायाच्या बोटांकडे बघत बसली. आत कुसाबाई भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

"दाराला कुलूप लावायचा," झुंबर म्हणाली. "बाहेरनं. सकाळी कामाला जाताना लावायचा, आला की काढायचा. मारहाण नाय, दारू नाय, शिवी नाय. कुणाला सांगणार? लोक म्हणले असते, एवढंच ना? शेजारीन बोलायला आली की म्हणायचा, तिला बरं नाय. एकदा मला ताप आला, तरी कुलूप. उन्हाळ्यात वरून पत्रा तापायचा. मग एक दिस मी दार खालून उचललं. जुनं दार होतं, ज्या खाचेत फिरायचं त्या उखळीतनं निघालं. ते भिंतीला टेकून ठेवलं आन् चालत निघाले."

थोड्या वेळानं कुसाबाई चहा घेऊन बाहेर आली. तिनं झुंबरसमोर कप ठेवला आणि तिथंच, उंबऱ्यावर बसली. भावाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. पण झुंबरचा चहा संपेपर्यंत उठलीही नाही.

ते दिवस चांगले होते. झुंबर पुढं म्हणायची, माझ्या आयुष्यातले तेच काय ते चांगले दिवस, आणि तेही भावाच्या आजारपणात मिळाले.

* * *

मग तळहात लाल व्हायला लागले. आधी वाटलं, गरम पाण्यानं असेल. मग तळपाय लाल झाले, कानांच्या पाळ्या लाल झाल्या, अंगावर पुरळ आलं. खाज सुटायची. थोड्याच दिवसांत जुलाब लागले, हिरवे, पाण्यासारखे, थांबता थांबेनात. डोळे पिवळे झाले. रंगनाथला पुन्हा मुंबईला नेलं. पौषातली थंडी होती, गाडीत त्याला दोन घोंगड्यांत गुंडाळलं होतं तरी तो कुडकुडत होता.

डॉक्टर मिस्त्रींनी त्याला तपासलं आणि बाहेर येऊन दोघींसमोर बसल्या.

"मी सांगितलं होतं, कधीकधी पटत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "आपल्या रक्तात राखणदार असतात. परका कोण, आपला कोण, ते ओळखणारे. आता यांच्या अंगातले राखणदार बहिणीचे आहेत. ते चांगले आहेत, जोमदार आहेत. पण ते सगळीकडे बघतात आणि त्यांना वाटतं, हे शरीर आपलं नाही. मग ते लढतात. कातडीशी, आतड्याशी, यकृताशी. आम्ही त्यांना आवरायची औषधं देतोय."

"म्हंजे," झुंबर हळूच म्हणाली, "माझंच रगत त्याला खातंय?"

"असं म्हणू नका."

"पण तसंच हाय ना?"

डॉक्टरबाईंना खोटं बोलता येत नसावं. "तसं आहे," त्या म्हणाल्या. "पण यात तुमचा दोष नाही. कुणाचाच नाही. रक्त इतकं जुळूनही हे होतं, आणि कुणाला होईल ते आम्हाला आधी कळत नाही."

औषधं वाढवली. कातडी जरा निवली, आतडी निवली नाहीत. नंतर फुप्फुसात जंतू शिरले, कारण राखणदारांना आवरायला दिलेल्या औषधांनी ते इतर कशाशीच लढेनात. रंगनाथला धाप लागली. शेवटी-शेवटी झुंबरला आत सोडलं. तो डोळे मिटून पडला होता. तिनं त्याचा हात हातात घेतला. तळव्याची कातडी कागदासारखी निघत होती.

"रंगू, माझं तुला सोसलं नाय रे," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. श्वास घेत घेत म्हणाला, "तुझं... लय आडदांड." आणि ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसला. "दार उचलून जाणारं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. नर्सनं नळ्या काढल्या, चादर ओढली. कुसाबाई व्हरांड्यात भिंतीला धरून उभी होती. झुंबर तिला जवळ घ्यायला पुढं गेली, तेव्हा कुसाबाईनं दोन्ही हातांनी तिला ढकललं.

"माझ्या भावाच्या घरात राहिली नाहीस," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "माझ्या नवऱ्याच्या अंगात शिरलीस, आन् तिथंबी घर मोडलंस."

झुंबर मागं सरली. तेच ती स्वतःला कितीतरी दिवस सांगत होती.

देवळालीत अंत्ययात्रेला पलटणीतली माणसं आली. भन्तेजींनी त्रिसरण, पंचशील म्हटलं. मोतीराम नामपूरहून आला आणि लहान मुलासारखा रडला. झुंबर मागं, गर्दीच्या कडेला उभी होती. सगळं आटोपल्यावर ती कुणाला न सांगता बसथांब्यावर गेली.

* * *

ती पुन्हा पालेभाजीच्या ओळीत बसायला लागली. लंकाबाईनं तिची जागा राखून ठेवली होती. थंडीत कंबर धरायची, तेव्हा ती जमिनीला हात टेकून उठायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "वय झालं." वय काय झालं होतं, पंचेचाळीसही नसेल. काही गिऱ्हाइकं मात्र तिच्यावर नाराज झाली. पूर्वी ती मोठ्या आवाजात ओरडून माल विकायची. आता भाव विचारला तरी कधीकधी उत्तर येत नसे.

कधी हाताला खरचटलं, रक्त आलं, तर ती त्याच्याकडे बघत बसायची. ती एकदा लंकाबाईला म्हणाली, "हे माझ्यात गुमान राहतं. त्याच्यात का नाय राहिलं?" लंकाबाईनं तिच्या हातावर हळद दाबली.

दोनेक वर्षं गेली. एका सकाळी कुसाबाई बाजारात आली. बरोबर एक जोडपं आणि सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी. झुंबरनं मान वर केली आणि हातातलं काम थांबलं.

"हे सावळीराम," कुसाबाई म्हणाली. ती कुठंतरी टोपलीच्या वर बघत होती. "आमच्या पलटणीत नुकतेच माळी म्हणून आलेत. यांच्या पोराला तेच झालंय. मुंबईला जायचंय. ही बहीण. हिचं जुळलंय. मी सांभाळायचं सांगितलं, पण देणाऱ्याचं मला काय ठाऊक? म्हणून आणलं."

झुंबरनं टोपली बाजूला सरकवली आणि त्यांना गोणपाटावर बसायला जागा केली. मग तिनं सगळं सांगितलं. गुंगीचं, सुयांचं, कमरेच्या दुखण्याचं; आठ-दहा दिवस वाकता येत नाही, मग हळूहळू येतं. पोराचं तोंड सोलेल, केस जातील, तो तुमच्यावर ओरडेल, खाटेवरून उठवू नका म्हणेल. काचेतून बघायला लागेल तेव्हा उभं राहा, त्याला दिसत राहा. कुकरमध्ये शिजवलेलंच द्या. हात कोपरापर्यंत धुवा.

सावळीरामच्या बायकोनं पदरानं तोंड पुसलं. "मावशी, तुमचा भाऊ बरा झाला ना?"

झुंबरनं कुसाबाईकडे पाहिलं. कुसाबाईनं मान खाली घातली होती.

"नाय," झुंबर म्हणाली. "तो गेला. पण सगळेच जात नायत. डॉक्टरबाई सांगतील तुम्हाला, खरंच सांगतील."

मुलगी इतका वेळ शेपूच्या जुडीशी चाळा करत होती. ती एकदम म्हणाली, "माझं दिलेलं त्याला मानवलं नाही तर? मग माझ्यामुळं गेला असं होईल का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर झुंबरनं दोन वर्षं शोधलं होतं आणि तिला सापडलं नव्हतं. पोरीला खोटं सांगायचं तिच्या जिवावर आलं.

कुसाबाई खाली बसली. मुलीच्या हातातली जुडी घेऊन टोपलीत ठेवली.

"नाय," ती म्हणाली. "कुणी तसं म्हणलंच, तर त्या माणसाला त्या वेळी दुसरं काय म्हणावं ते सुचलेलं नसतं. मला नव्हतं सुचलं. तू दिलंस म्हणून जितके दिवस मिळतील तितके तुझे. आमच्याकडं दिवाळी झाली. तो दारात बसून हसला. ती दिवाळी हिची होती." तिनं झुंबरकडे बघितलं नाही. "मी ते तिला कधी बोलले नाय."

बाजारात नेहमीसारखी वर्दळ होती. कुणीतरी कोथिंबिरीचा भाव विचारला, लंकाबाईनं सांगितला. झुंबर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. हातांना ओली माती लागली होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तिनं ते पुसलं नाही.

सावळीरामच्या कुटुंबाला गाडी गाठायची होती. ते निघाले. कुसाबाई त्यांच्याबरोबर चार पावलं गेली, थांबली, पुन्हा आली. "बुद्धपौर्णिमेला घरी या," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

झुंबर त्या पौर्णिमेला देवळालीला गेली. पुढंही वर्षातून एक-दोनदा जायची. दोघींचं फार जमलं असं नाही. बसायच्या, चहा घ्यायच्या, रंगनाथच्या मुलीच्या लग्नाचं बोलायच्या. कधी बोलणं संपायचं, तेव्हा दोघी दारातल्या खाटेकडे न बघता बसून राहायच्या.

सावळीरामची बदली झाली आणि त्या पोराचं पुढं काय झालं ते नाशकात कुणालाच कळलं नाही. कुसाबाई एकदा म्हणाली, चौकशी करू या का. झुंबरनं नको म्हटलं. बसची वेळ झाली होती. ती कमरेला हात लावून सावकाश उठली आणि चपला शोधायला लागली.